पावतीवर नाव कोणाचं?

गावाचा कारभार कोणाच्या हातात असतो, हे समजून घ्यायला आज थोडं लांब जाऊ, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला.

कापडगिरण्यांचं हे गाव. 1831 साली वस्ती दीड लाखाच्या जवळ पोचली होती, तरी कारभार जुन्या खेड्यासारखाच होता. मोस्ली घराणं तिथलं जमीनदार, बाजाराचे हक्क त्यांच्याकडे. दिवाबत्ती, रात्रीची गस्त आणि रस्त्यांची सफाई यांसाठी 1792 च्या कायद्यानं वेगळं मंडळ केलेलं. निवडून दिलेली नगरपालिका मात्र नव्हती.

ती मिळाली 1838 साली. नगरसेवक निवडायचे ते घरपट्टी भरणाऱ्यांनी. 1846 साली नगरपालिकेनं जमीनदाराचे हक्क दोन लाख पौंडांना विकत घेतले. बाजाराचं उत्पन्न एका घराच्या तिजोरीत जायचं, ते गावाच्या तिजोरीत येऊ लागलं. मग लाँगडेंडेल खोऱ्यात तलाव बांधून 1851 पासून गावाला पाणी आणलं.

आता तुम्ही विचाराल, यात बायका कुठे होत्या? 1869 च्या कायद्यानं घरपट्टी भरणाऱ्या बाईला नगरपालिकेसाठी मत मिळालं. पण 1872 साली कोर्टानं सांगितलं, नवरा असलेल्या बाईला हे मत नाही. उरल्या त्या विधवा आणि अविवाहित, त्यासुद्धा ज्यांच्या नावानं पट्टी भरली जायची तेवढ्याच. संसारात राबणारी बाई यादीबाहेर राहिली. नगरसेविका होण्याची वाट 1907 च्या कायद्यानं मोकळी झाली. 1908 साली मार्गारेट ॲश्टन मँचेस्टरच्या पहिल्या नगरसेविका झाल्या. आया आणि तान्ह्या बाळांचं आरोग्य हा विषय त्यांनी लावून धरला. नगरपालिका आल्यापासून तिथवर सत्तर वर्षं गेली.

आपल्या बचत गटात जी वर्गणी भरते, ती हिशेब विचारते. गावाचंही तसंच. आपलं मत घरपट्टीवर अवलंबून नाही, अठरा वर्षं पुरी झाली की ते मिळतं. पंचायतीत निम्म्या जागाही आपल्या आहेत. पण घर कोणाच्या नावावर आहे?

पुढच्या बैठकीला येताना घरपट्टीची पावती घेऊन या. त्यावर तुमचं नाव आहे का, ते बघू. नसेल तर ते कसं लावायचं, ते ग्रामपंचायतीत विचारू. आणि त्या पट्टीतून गावात काय झालं, हा प्रश्न ग्रामसभेत आपणच उभ्या राहून मांडू.