फ्लू कधी साधा, कधी जिवावरचा

१९१८ सालच्या जूनमध्ये मुंबईत तापाची साथ आली. बहुतेक माणसे उठून कामाला लागली. सप्टेंबरात साथ फिरून आली आणि घरेच्या घरे ओस पडली. लोक तिला मानमोडी म्हणत. तो फ्लूच होता.

फ्लू असा रंग का बदलतो? त्याचे एक कारण आम्ही सांगतो.

फ्लूचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. काटा ही किल्ली. आपल्या शरीरातील पेशी हे कुलूप. किल्ली लागली की विषाणू आत शिरतो. तिथे त्याच्या पुष्कळ नकला निघतात. नक्कल करताना चुका होतात. किल्लीचा दात बदलतो. बहुधा त्याने काही बिघडत नाही. पण एखादी किल्ली फुप्फुसात खोलवरच्या कुलपालाही लागते. मग आजार जिवावर बेततो. २००९ सालच्या स्वाइन फ्लूत काही अत्यवस्थ रोग्यांत असा बदल सापडला.

किल्ली बदलते, म्हणून फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते.

कोणता फ्लू घरात शिरला, हे वरून कळत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच: धाप लागली, ओठ निळे पडले, तर अंगारे-धुपारे करीत बसू नका. तडक दवाखाना गाठा.