पिवळा न झालेला खळगा

रविवारच्या रक्तदान शिबिराच्या नळ्या सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर येतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्या की खाली काळपट लाल थर आणि वर वाळल्या गवताच्या रंगाचं सीरम.

एलायझाची प्लेट तळहातावर मावते. तिच्यात 96 खळगे असतात आणि प्रत्येकाच्या तळाला हिपॅटायटिस सीच्या विषाणूतल्या प्रथिनांचे तुकडे कारखान्यातच चिकटवलेले असतात. सुरुवातीला उत्तर आधीच माहीत असलेले कंट्रोल, मग एकेका रक्तदात्याचं 10 मायक्रोलिटर सीरम. पिपेटवरचा अंगठा सावकाश सोडायचा, नाहीतर टिपमध्ये हवा शिरते. त्यानंतर प्लेट 37 अंशांना ठेवायची, धुवायची, दुसरं रसायन घालून पुन्हा ठेवायची, पुन्हा धुवायची. नवीन आलेल्या मुलांना मी सगळ्यात आधी धुणं शिकवते. नीट न धुतलेला खळगा निरोगी माणसालाही रिअ‍ॅक्टिव्ह ठरवू शकतो.

मग रंग. सीरममध्ये अँटीबॉडी असतील तर खळगा निळा होत जातो आणि आम्ल घातलं की पिवळा. रीडर 450 नॅनोमीटरला आकडे देतो, पण माझी नजर त्याआधीच प्लेटवरून फिरलेली असते. बहुतेक वेळा कंट्रोल सोडले तर सगळी प्लेट पाण्यासारखी असते.

हे पाणी मी वर्षानुवर्षं पाहतेय आणि अजूनही त्याच्याकडे निर्धास्तपणे पाहता येत नाही. ही तपासणी विषाणूला पाहतच नाही. शरीरानं त्याची दखल घेतली का, एवढंच ती सांगते आणि शरीर ती दखल सावकाश घेतं. लागण झाल्यावर अँटीबॉडी दिसायला साधारण 8 ते 11 आठवडे जातात. विषाणूचा आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच रक्तात सापडतो. मधल्या काळाला आम्ही विंडो पीरियड म्हणतो. त्या काळात माणसाला सहसा काही होत नाही, तो धडधाकट असतो, शिबिरात येऊन रक्त देतो.

हा विषाणू 1989 साली ओळखला गेला. त्यावर 1990 मध्ये आलेल्या पहिल्या किटमध्ये त्याचा एकच तुकडा होता, त्यामुळे लागण कळायला कित्येक महिने लागत. पुढच्या किटमध्ये इतर तुकडे आले आणि विंडो आक्रसली. मिटली नाही. थेट आरएनए शोधणारी नॅट चाचणी ती काही दिवसांवर आणते, पण तिचा खर्च प्रत्येक रक्तपेढीला झेपत नाही.

थॅलेसेमियाचा एक मुलगा दर तीन आठवड्यांनी आमच्याकडून रक्त घ्यायचा. एकदा त्याचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, वाढलेलं आलं. मी एलायझा लावली, खळगा पाण्यासारखाच राहिला. त्याची आई काचेपलीकडे उभी होती. "ताई, निगेटिव्ह आहे ना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते, पण पुरेसंही नव्हतं. डॉक्टरांनी बाहेरून आरएनए करून घेतला, तो पॉझिटिव्ह आला. पाच आठवड्यांनी त्याचा खळगा माझ्यासमोर पिवळा झाला. 12 आठवडे गोळ्या झाल्या. त्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए पाहिला, विषाणू नव्हता. अँटीबॉडी मात्र राहतात. तो बरा झालाय, तरी त्याचा खळगा पुढची कित्येक वर्षं पिवळाच दिसेल, हे त्याच्या आईला मी तीनदा समजावलं.

त्याला ज्यांचं रक्त गेलं होतं त्या सगळ्या दात्यांना आम्ही परत बोलावलं. त्यातल्या एका तरुणाची आधीची नोंद कट-ऑफच्या बरीच खाली होती. या वेळी त्याचा खळगा गडद पिवळा झाला. तो हादरला. एका बाळाला वाचवायला म्हणून त्यानं रक्त दिलं होतं. बोलता बोलता त्यानं बाही वर केली. शिबिराच्या महिनाभर आधी जत्रेत हातावर आईचं नाव गोंदवून घेतलं होतं, एकाच सुईनं बरीच माणसं गोंदली जात होती. लागण तिथूनच झाली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आमच्या फॉर्मवर "वर्षभरात टॅटू काढला आहे का?" असा प्रश्न होता आणि त्यानं "नाही" वर खूण केली होती.

"मॅडम, टॅटू नाही काढला मी. गोंदलंय."

आता फॉर्मवर दोन्ही शब्द आहेत. तरीही शिबिरात मी टेबलाशी बसते आणि प्रत्येकाला तोंडी विचारते, "गेल्या जत्रेत काही गोंदवलंत का?"