बर्फावर मीठ, गाडीवर गंज

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात हिमवर्षावाचा इशारा मिळाला, की मिठाने भरलेले ट्रक रस्त्यावर उतरतात. हे मीठ पडले नाही, तर महामार्ग निसरडे होऊन अपघातांची मालिकाच सुरू होईल. मात्र, प्रवाशांचे प्राण वाचविणारे हेच मीठ गाडीच्या तळाला चिकटून तिचा पत्रा, सांगाडा आणि सर्वांत घातक म्हणजे ब्रेकच्या नळ्या पोखरत असते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मिशिगन, ओहायो किंवा ओंटारिओ येथे शिक्षणासाठी व नोकरीसाठी गेलेल्या मराठी तरुणांची पहिली गाडी अनेकदा जुनी असते. पुण्या-मुंबईत गाडी चालविलेल्यांना पावसाळ्यापूर्वीची निगा ठाऊक असते. मिठाच्या रस्त्यांची सवय मात्र नसते. त्यामुळे हा प्रश्न समजून घेणे आवश्यक ठरते.

मीठ कशासाठी?

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. त्यात मीठ विरघळले, की गोठण्याचे तापमान खाली येते. पाण्यात सुमारे २३ टक्के मीठ असेल, तर ते उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र तापमान उणे ९-१० अंशांखाली गेले, की साध्या मिठाचा प्रभाव फार मंदावतो. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड ही अधिक थंडीतही काम करणारी क्षारद्रव्ये वापरली जातात.

अमेरिकेत रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये केला. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे वाढले आणि ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. आज तेथे दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडत असल्याचा अंदाज आहे. हे मीठ मुख्यतः खाणीतून येते. कॅनडातील गॉडरिच येथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली असलेली मिठाची खाण जगातील सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण म्हणून ओळखली जाते.

अलीकडे हिम पडण्यापूर्वीच रस्त्यावर मिठाचे पाणी फवारण्याची पद्धत वाढली आहे. कोरड्या डांबरावर दिसणाऱ्या पांढऱ्या समांतर रेषा या फवारणीच्याच असतात. त्यामुळे ‘अजून बर्फ पडलेला नाही, म्हणजे गाडीला मीठ लागलेले नाही’ ही समजूत चुकीची ठरते.

गंज कसा चढतो?

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोन गोष्टी पुरेशा असतात. मीठ ही प्रक्रिया वेगवान करते. गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने धातूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे होणारी विद्युतभारांची देवाणघेवाण सुलभ होते. शिवाय मिठातील क्लोराइड धातूवरील नैसर्गिक संरक्षक थर भेदते. ॲल्युमिनियम आणि पोलाद जेथे एकमेकांना टेकतात, तेथे खाऱ्या पाण्यामुळे ॲल्युमिनियमची झीज अधिक होते.

यात हवेतील दमटपणाचा वाटा मोठा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधे मीठ हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळू लागते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे एक तृतीयांश आर्द्रतेतही ओले राहतात. गाडी वरून कोरडी दिसत असली, तरी तळाशी चिकटलेला थर असा ओला राहून आपले काम करीत असतो.

तापमानाचा परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. कडाक्याच्या थंडीत गंजण्याची क्रिया मंद असते. पारा शून्याच्या वर चढला, की तिला जोर येतो. म्हणूनच मिठाने माखलेली गाडी रोज रात्री उबदार, बंद गॅरेजमध्ये ठेवणे तिच्या पत्र्याला हितावह नसते. गाडी आत घेण्यापूर्वी तळ धुतलेला असणे आणि गॅरेजमध्ये हवा खेळती असणे हा त्यावरील उपाय आहे.

खरा धोका ब्रेकला

मडगार्डवरील किंवा दरवाजाखालच्या पट्टीवरील गंज डोळ्यांना दिसतो. तो कुरूप असला, तरी लगेच जीवावर बेतत नाही. ब्रेकच्या द्रवाचा दाब चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या पोलादी नळ्या मात्र गाडीच्या तळातून जातात आणि सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. ब्रेक दाबताना आतून दाब झेलणाऱ्या या नळीची भिंत बाहेरून गंजून पातळ झाली, तर चालक जोरात ब्रेक दाबतो नेमक्या त्या क्षणी ती फुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. ब्रेकचे मार्ग दोन भागांत विभागलेले असल्याने गाडी पूर्णतः ब्रेकहीन होत नाही; परंतु पेडल खाली जाते आणि गाडी थांबण्यास बरेच अधिक अंतर लागते. निसरड्या रस्त्यावर हे अंतरच निर्णायक ठरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ या काळातील सुमारे ५० लाख पिकअप व एसयूव्ही गाड्यांच्या ब्रेक-नळ्यांची चौकशी केली होती. ती २०१५ मध्ये गाड्या परत न मागविता बंद करण्यात आली. हा एका कंपनीच्या गाड्यांतील दोष नसून मिठाच्या प्रदेशात जुन्या गाड्यांची होणारी झीज आहे, असा निष्कर्ष निघाला. त्याच वेळी, मीठ वापरणाऱ्या राज्यांतील जुन्या गाड्यांच्या मालकांनी तळ नियमित धुवावा आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्याव्यात, अशी सूचना प्रशासनाने केली. या यादीत न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, ओहायो व इलिनॉयसह २० राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टनचा समावेश होता.

एका नळीला गंजाचे पापुद्रे आलेले आढळले, तर तेवढाच तुकडा बदलून भागत नाही. तेच मीठ आणि तितकीच वर्षे सोसलेल्या इतर नळ्यांची अवस्थाही वेगळी नसते. म्हणून संपूर्ण संच बदलणे श्रेयस्कर ठरते. पेडल मऊ लागणे, ब्रेकच्या द्रवाची पातळी कमी होणे, ब्रेकचा लाल दिवा लागणे किंवा गाडीखाली तेलकट ओल दिसणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी गाडी चालवून गॅरेजपर्यंत नेण्यापेक्षा ओढून नेणे सुरक्षित असते.

खर्चाचा विचार केला, तरी हा विषय किरकोळ नाही. रस्त्यांवरील क्षारांमुळे गंजलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीवर अमेरिकी वाहनधारक वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलर खर्च करतात, असे ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये म्हटले होते.

धुवायचे ते तळ

उपाय साधा आहे, पण तो चिकाटीने करावा लागतो. हिवाळ्यात दर दहा ते पंधरा दिवसांनी, तसेच मोठ्या हिमवर्षावानंतर रस्ते मोकळे होताच गाडी धुवावी. बॉनेट चकचकीत करण्यापेक्षा तळ, चाकांच्या कमानी आणि दरवाजांखालच्या कडा धुणे महत्त्वाचे आहे. यासाठी खालून पाण्याचे फवारे मारण्याची सोय असलेले केंद्र निवडावे. काही केंद्रांत पाण्याचा पुनर्वापर होतो. तेथे निदान शेवटचे धुणे ताज्या पाण्याने होते ना, याची विचारपूस करावी.

धुण्यासाठी पारा शून्याच्या वर असलेला दिवस गाठावा. धुतल्यानंतर दरवाजांच्या रबरी कडा आणि कुलपे पुसून कोरडी करावीत. अन्यथा रात्री ती गोठून दरवाजे उघडत नाहीत. बुटांना लागून आत येणारे मीठही दुर्लक्षिण्याजोगे नसते. ते कापडी गालिच्यात मुरून फरशीचा पत्रा आतून खाते. म्हणून हिवाळ्यात खोलगट रबरी मॅट वापराव्यात आणि त्यांत साचलेले पाणी ओतून टाकावे. वसंतातील पहिल्या पावसांनी रस्ते धुऊन निघाल्यावर आणखी एकदा तळाची कसून सफाई करणे अगत्याचे आहे.

हिवाळ्यापूर्वीचे कवच

थंडी सुरू होण्यापूर्वी गाडी धुऊन तिच्यावर मेणाचा थर द्यावा. रंगाचे टवके उडाले असतील, तर ते भाग रंगवून घ्यावेत. तळासाठी दोन प्रकारचे लेप प्रचलित आहेत. तेलकट फवारा सांध्यांत झिरपतो, ओलावा हटवितो. मात्र तो दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. रबर किंवा डांबरयुक्त जाड लेप दीर्घकाळ टिकतो. परंतु त्याला तडा गेल्यास खारे पाणी आत अडकते आणि लेपाखाली गंज निर्वेधपणे पसरतो. जुन्या गाडीवर आधीचा गंज न काढता असा लेप देणे म्हणजे दुखणे झाकणेच होय. कोणताही लेप देताना दरवाजांच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची छिद्रे बुजणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी.

विजेच्या सौम्य प्रवाहाने गंज रोखण्याचा दावा करणारी उपकरणेही बाजारात आहेत. हे तत्त्व जहाजांना आणि जमिनीखालील नळांना लागू पडते, कारण ते सतत पाण्याच्या वा ओल्या मातीच्या संपर्कात असतात. हवेत उभ्या असलेल्या मोटारीला तसे सलग माध्यम मिळत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. त्यांचा वेग बराचसा मोटारच कमी करीत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात आणि ब्रेकच्या चकत्यांवर गंज साचतो. अशा गाड्यांच्या ब्रेकची साफसफाई व वंगण वेळोवेळी करून घ्यावे.

थंडीची इतर पथ्ये

कडक थंडीत बॅटरीची शक्ती लक्षणीयरीत्या घटते. जुनी बॅटरी हिवाळ्यापूर्वीच तपासून घ्यावी. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले, की टायरमधील हवेचा दाब एक पौंडाने कमी होतो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात ते सक्तीचे आहेत. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल, तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. काचेवरचा बर्फ काढण्यासाठी गरम पाणी ओतू नये, काच तडकते. हिमात रुतलेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे. ते बुजलेले असल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरून जीव जाऊ शकतो.

जुनी गाडी घेताना

मिठाच्या प्रदेशात सेकंडहँड गाडी घेताना किती मैल चालली यापेक्षा ती कोठे चालली, याला महत्त्व द्यावे. गाडीच्या नोंदींवरून ती कोणत्या राज्यात वापरली गेली, हे कळते. व्यवहार पक्का करण्यापूर्वी त्रयस्थ मेकॅनिककडून गाडी उचलून तळ, सांगाडा, जॅक लावण्याच्या जागा आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्याव्यात. जुन्या गाडीच्या तळाला नुकताच दिलेला काळा रंग संशयास्पद मानावा. लांबी भरून रंगविलेल्या पत्र्याला लोहचुंबक चिकटत नाही, ही जुनी युक्ती तेथेही उपयोगी पडते; ॲल्युमिनियम वा प्लास्टिकच्या भागांना मात्र ती लागू नाही.

कोकण किनाऱ्यावरही तेच क्षार

महाराष्ट्रातील रस्त्यांवर मीठ टाकले जात नाही. पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात तेच क्लोराइड असते. पावसाळ्यात मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर आर्द्रता बहुतांश काळ ७५ टक्क्यांच्या वर राहते आणि गाडीवर बसलेले मीठ ओलेच राहते. त्यातच अलिबाग, मुरूडसारख्या ठिकाणी काही पर्यटक थेट पुळणीवर, लाटांत गाडी घालतात. असे खारे पाणी लागलेल्या गाडीचा तळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी वर्षातून किमान एकदा, पावसाळा संपताच, गाडी उचलून ब्रेकच्या नळ्या आणि सांगाडा तपासून घेणे इष्ट ठरेल.