चावीचे घड्याळ की ऑटोमॅटिक?

गेल्या महिन्यात भाचा घरी आला. जयभीम झाला, चहापाणी झाले. त्याचे लग्न ठरल्याची आनंदाची बातमी आम्हाला आधीच कळली होती. थोडा वेळ घुटमळून तो म्हणाला, "मामा, मुलीकडचे विचारताहेत, नवरदेवाला घड्याळ कोणतं आणायचं? सेलचं मला नको, मशीनचं हवं. चावीचं सांगू की ऑटोमॅटिक?"

भाच्याने एकच प्रश्न विचारला, पण त्यात दोन प्रश्न होते. पहिला घड्याळाचा, दुसरा मनाचा. मी आधी पहिल्याचे उत्तर दिले. हा प्रश्न अनेक तरुणांना पडतो, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

दोघांचे पोट एकच

चावीचे असो वा ऑटोमॅटिक, दोन्ही घड्याळे गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर चालतात. स्प्रिंग हळूहळू सैल होते, तिची ताकद दातेरी चाकांतून पुढे जाते आणि बॅलन्स चक्र ती ताकद टिकटिक करीत मोजून सोडते. फरक आहे तो स्प्रिंग गुंडाळतो कोण, एवढाच.

चावीच्या घड्याळात ते काम आपली बोटे करतात. रोज एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, बाजूची घुंडी फिरवायची. घट्ट लागली की थांबायचे. पुढे जोर केला तर स्प्रिंग तुटण्याची भीती असते. एकदा पूर्ण चावी दिली की साधारण दीड दिवस घड्याळ चालते.

ऑटोमॅटिकमध्ये मागच्या झाकणाखाली अर्धचंद्रासारखे एक वजन असते. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंग भरली की ती आतल्या आत घसरते, त्यामुळे जास्त चावी बसत नाही. इंग्लंडच्या जॉन हारवूड यांनी मनगटी घड्याळासाठी अशी रचना तयार करून १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिचे पेटंट मिळवले.

कोणी कोणते घ्यावे?

रोज सकाळी घड्याळ बांधून रात्री काढणाऱ्याला ऑटोमॅटिक सोयीचे. कचेरीत बसून काम करणाऱ्याच्या हाताची हालचालही त्याला बहुधा पुरते. बोटे आखडलेल्या वडीलधाऱ्यांना बारीक घुंडी फिरवणे जड जाते. त्यांचे हिंडणेफिरणे चालू असेल तर त्यांनाही हेच बरे. पण जे दिवसभर बसून वा पडून असतात, त्यांच्या हातावर ते अर्धपोटी राहून बंद पडू शकते.

जो घड्याळ कधीमधीच घालतो, त्याने चावीचे घ्यावे. चार दिवस पडून राहिले तरी अर्ध्या मिनिटात चावी देऊन वेळ लावता येते. ते सहसा पातळ आणि हलके असते. आत भाग कमी, म्हणून सर्व्हिसिंगही सहसा स्वस्त पडते. चार-पाच वर्षांनी तेलपाणी मात्र दोन्हींना करावे लागते.

तारीख दाखवणारे घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेची चाके गुंतलेली असतात आणि दाते मोडू शकतात. स्पीकर वा लोहचुंबकाजवळ घड्याळ ठेवू नये. ड्रिल मशीन वा घणाचे काम करणाऱ्याने कामावर जाताना सेलचे स्वस्त घड्याळच बांधावे. खरे सांगायचे तर अचूकपणात सेलचे घड्याळ या दोघांच्याही पुढे आहे. मशीनचे घड्याळ दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतेच.

जनता आणि कांचन

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. त्यांचे 'जनता' चावीचे, तर 'कांचन' ऑटोमॅटिक. माझ्या वडिलांनी पगारातून पैसे साठवून जनता घेतले होते. सकाळी त्रिशरण-पंचशील झाले की ते चावी देत. "घड्याळाला आपण विसरलो तर घड्याळ आपल्याला विसरतं," असे म्हणत. ते घड्याळ आजही चालते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. बाजारात जुनी एचएमटी आजही मिळतात, पण त्यांत तबकडी नव्याने रंगवलेली, चार घड्याळांचे भाग जोडून केलेली पुष्कळ असतात. चकाकी पाहून भुलू नये. माहितीच्या कारागिराकडून झाकण उघडून पाहावे, मगच पैसे द्यावेत.

दुसरा प्रश्न

भाचा खूश झाला. "मग ऑटोमॅटिकच सांगतो," म्हणाला. तेव्हा मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो.

लग्नात कांचनला फार मागणी असे. कांचन मिळाले नाही म्हणून रुसलेले जावई आमच्या आधीच्या पिढीने पाहिले आहेत. मुलीच्या बापाने कर्ज काढावे आणि ते जावयाच्या मनगटावर टिकटिकावे, याला काय म्हणावे? घड्याळांचा कारखाना निघाला त्याच १९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदाही झाला. स्वखुशीने दिलेल्या भेटीला हा कायदा आडवा येत नाही. पण आपणच प्रकार सांगून मागवलेली वस्तू भेट कशी राहील? बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, साधा विवाहविधी दिला. त्या विधीत वधू-वर बरोबरीने उभे राहतात. मग एका बाजूने यादी का यावी?

मी भाच्याला विचारले, "तुला पगार आहे ना? आणि ती मुलगी शाळेत शिकवते. तासाची घंटा तिलाही सांभाळायची असते. तिला कोणतं घड्याळ हवं, हे कोणी विचारलं का?"

तो काही बोलला नाही. चहाचा कप खाली ठेवून निघून गेला. रागावला असेल, असे मला वाटले.

परवा त्याचा फोन आला. मुलीच्या वडिलांना त्याने सांगितले, "काही आणू नका, फक्त वेळेवर या." स्वतःच्या पगारातून त्याने चावीचे घड्याळ घेतले. मुलीला विचारले तर ती म्हणाली, "माझं सेलचं घड्याळ चांगलं चालतंय, मला काही नको."

वाचकहो, ऑटोमॅटिक घ्या की चावीचे, ते आपल्या कामावर आणि सवयीवर ठरवा. पैसे मात्र आपल्या घामाचे असू द्या. आणि घड्याळ बांधलेच आहे, तर सहाच्या सभेला सहा वाजता या. आपल्या सभा आठला सुरू होतात, हा दोष काही घड्याळाचा नाही.