दिवाळीनंतरची शर्यत

नोकरी, ईएमआय आणि सोमवारची मीटिंग सांभाळून सायकल रेसिंग करणाऱ्या पुण्यातल्या एका क्लबसोबत सीझनचे पहिले तीन महिने. यात मेडल्स आहेत, पंक्चर्स आहेत आणि एक मोडलेलं कॉलरबोनही आहे.

रविवारी पहाटे पाच वाजता तुम्ही काय करत असता? बहुतेक जण शनिवार रात्रीच्या जागरणाची उधारी फेडत गाढ झोपलेले असतात. पण आपल्या शहरात एक जमात अशी आहे, जी त्या वेळी पार्किंगमध्ये उकिडवी बसून टायरमध्ये हवा भरत असते. अंगाला चिकटलेली जर्सी, डोक्यावर हेल्मेट, पाठीच्या खिशात दोन केळी आणि एक राजगिऱ्याची चिक्की. सोमवार ते शुक्रवार ही मंडळी कोड लिहितात, ऑडिट करतात, लोकांच्या दाढा काढतात. रविवारी मात्र यांचा एकच फंडा. घाट!

पुणं हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य ऐकून आपण सगळेच मोठे झालो. त्या सायकली कामावर जायच्या होत्या. आताच्या सायकली कामातून सुटायच्या आहेत. त्यातलेही बहुतेक जण सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात, कांदाभजी खातात, फोटो टाकतात आणि परत येतात. त्यात वाईट काहीच नाही. पण काहींचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांना घड्याळ लागतं, नंबर लागतो, शेजारी दमलेला दुसरा माणूस लागतो. अशाच एका क्लबच्या मागे मी गेल्या दिवाळीपासून तीन महिने फिरले. कधी सायकलवर, बऱ्याचदा त्यांच्या सपोर्ट जीपमध्ये. क्लबचं आणि कोणाचंही नाव छापायचं नाही, एवढी एकच अट होती. कारण विचारलं तर उत्तर आलं, ‘बॉस पण तुमचा अंक वाचतो.’

सीझन म्हणजे काय रे भाऊ?

युरोपात सायकलिंगचा सीझन वसंतात सुरू होतो. आपल्याकडे पाऊस ओसरला, दिवाळीचा फराळ पोटात गेला आणि पहाटे हवेत गारवा आला की सुरू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सोन्याचे दिवस. एप्रिलच्या उन्हात दुपारी शंभर किलोमीटर मारून दाखवा, मग कळेल का ते.

या मातीत शर्यतीची परंपरा जुनी आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ साली सुरू झाली. बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब. आणि हौशी माणूस काय करू शकतो याचं उदाहरण हवं असेल तर नाशिककडे बघा. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. हे सगळे पेशाने डॉक्टर, म्हणजे पोट सायकलवर नाही. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी ‘यार, वेळच मिळत नाही’ असं रडगाणं गायलं की ही नावं लगेच तोंडावर फेकली जातात.

नोव्हेंबर : सगळे पास

ओपनिंग नेहमीप्रमाणे बीआरएमने. म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. पुढे ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका सीझनमध्ये चारही केले की तुम्ही ‘सुपर रँडोनर’. ही शर्यत नाही, पहिल्या-शेवटच्याला काही अर्थ नाही. पण घड्याळ थांबत नाही. पंक्चर काढा, मिसळ खा, झाडाखाली आडवे व्हा, ते आपलं चालूच.

क्लबचे अकरा जण कात्रज आणि खंबाटकी ओलांडून गेले आणि नऊ जण वेळेत परतले. एकाचा टायर फाटला, एकाचं पोट बिघडलं. वेळेत परतलेल्यांत बँकेत असणारी एक चाळिशीची ताई होती. तिला वाटेत तीन पंक्चर झाली. ट्यूब स्वतः बदलत ती मुदतीच्या अकरा मिनिटं आधी पोचली. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या तिला.

दोन आठवड्यांनी बोपदेव घाटात आंतरक्लब टाइम ट्रायल. प्रत्येकाला एक-एक मिनिटाच्या अंतराने सोडतात आणि कोणी किती वेळ घेतला ते बघतात. चढावर वेग इतका कमी होतो की वाऱ्याचा अडथळा मामुली ठरतो. मुख्य शत्रू गुरुत्वाकर्षण. म्हणून तिथे कोणाच्या मागे लपून फायदा नसतो. तुमचं वजन, तुमचे पाय आणि तुमचा दम, संपलं. क्लबमधला दातांचा डॉक्टर, सगळे त्याला ‘डॉक’ म्हणतात, पहिला आला. ताई महिलांमध्ये दुसरी. कानिफनाथाच्या फाट्यावर चहा पिताना सगळ्यांचे चेहरे असे होते की टूर द फ्रान्स आता फार लांब नाही!

डिसेंबर : एक खड्डा

मग आली सपाटीवरची रोड रेस. सासवडच्या पुढे ७२ किलोमीटर, सहा क्लब, साठेक स्पर्धक.

इथे गणित उलटं होतं. सपाटीवर ताशी पस्तीसच्या वर गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा फोडण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणून सगळे घोळक्याने पळतात. यालाच बंच म्हणतात, टीव्हीवरच्या भाषेत पेलोटॉन. आळीपाळीने पुढे यायचं, थोडा वेळ वारा खायचा, मग बाजूला होऊन मागे जायचं. पण यात एक मेख आहे. मागच्याला रस्ता दिसतच नाही. त्याला दिसतं फक्त पुढच्याचं मागचं चाक. पुढच्याने हाताने खूण केली, ‘खड्डा!’ म्हणून ओरडला, तरच मागच्याला कळणार.

एकावन्नाव्या किलोमीटरला डॉक सगळ्यात पुढे होता. दुसऱ्या क्लबचे दोघं निसटत होते, त्याची नजर त्यांच्यावर. खड्डा आला. त्याने शेवटच्या क्षणी सायकल वळवली आणि तो निघून गेला. ना खूण, ना आवाज. मागचे चौघं एकमेकांवर कोसळले. मी मागच्या जीपमध्ये होते. कार्बन फ्रेम रस्त्यावर आपटल्याचा आवाज पोकळ असतो, प्लॅस्टिकची बादली पडल्यासारखा.

तिघं खरचटण्यावर सुटले. चौथा एकतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, रेसिंगचा पहिलाच सीझन. उजवं कॉलरबोन मोडलं. हेल्मेटला मागच्या बाजूने तडा गेला होता. तो तडा डोक्याला जाऊ शकला असता. प्रोफेशनल सायकलिंगमध्येसुद्धा हेल्मेटची सक्ती २००३ मध्ये आली, पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह हेल्मेटशिवाय पडून गेला त्यानंतर. आपल्या हौशी शर्यतींत आज हेल्मेट नसेल तर सुरुवातीच्या रेषेवर उभं करत नाहीत, हे नशीब.

डॉक तिसरा आला. मागे काय झालं ते त्याला शर्यत संपल्यावर कळलं. त्याच्या हातात मेडल होतं आणि दहा फुटांवर अॅम्ब्युलन्स. त्या मेडलचं काय करायचं हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते जर्सीच्या मागच्या खिशात टाकलं, केळ्याच्या सालीशेजारी.

मीटिंग

गुरुवारी रात्री क्लबच्या मेकॅनिक काकांच्या दुकानात सगळे जमले. ग्रीसच्या वासात, लटकत्या टायरांखाली. हात गळ्यात अडकवून तो मुलगाही आला, सोबत त्याची बायको.

सुरुवातीला सगळे रस्त्याच्या नावाने बोटं मोडत होते. खड्डे, आयोजक, ट्रॅफिक. मग ती बोलली. आवाज अजिबात चढवला नाही. ‘सहा आठवडे हा गाडी चालवू शकणार नाही. जानेवारीत याचं अप्रेझल आहे, मार्चमध्ये माझी डिलिव्हरी. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही माहीत होतं का? मग तुम्ही एकमेकांच्या इतक्या जवळून सायकल चालवता कशाला?’

कोणाकडे उत्तर नव्हतं. डॉक म्हणाला, ‘चूक माझी आहे.’ कोणीतरी त्याची बाजू घेतली, की रेसमध्ये असं होतंच. कोणीतरी म्हणालं, रोड रेस बंदच करू, फक्त टाइम ट्रायल करू, एकटा माणूस पडला तर एकटाच पडेल. एक जण तर म्हणाला, मग क्लब हवाच कशाला?

काकांनी तरुणपणी बऱ्याच शर्यती केल्यात. ते चेन साफ करता करता बोलले, ‘बंचमध्ये पुढचा माणूस म्हणजे मागच्याचे डोळे. डोळे मिटून पळायचं असेल तर एकट्याने पळा.’

रात्री साडेअकराला तीन गोष्टी ठरल्या. एक, सलग चार रविवार कोणी वेळ मोजणार नाही. फक्त बंचमध्ये चालवायचा सराव. खूण, हाक, अंतर. दोन, खूण न करणारा त्या दिवशी सगळ्यात मागे, मग तो कितीही फास्ट असो. तीन, ज्याच्याकडे अपघात विमा नाही त्याला शर्यतीत उतरायचं नाही. पुढच्या आठवड्यात दोघांनी क्लब सोडला. एकाला घरून परवानगी मिळाली नाही. दुसरा म्हणाला, ‘हे आता बालवाडीसारखं झालंय.’

जानेवारी : सातवे

त्या चार रविवारांपैकी दोन मी त्यांच्यासोबत सायकलवर होते. शप्पथ सांगते, इतकं बोअर सायकलिंग मी कधी केलं नाही. ताशी पंचवीस, दोन-दोनच्या ओळी, सासवड आणि परत. ‘खड्डा!’ ‘मागून गाडी!’ ‘स्लो!’ ‘कुत्रं डावीकडे!’ दुसऱ्या रविवारी दिवे घाट उतरताना मात्र एक गोष्ट जाणवली. माझे खांदे सैल झाले होते. पुढे काय आहे हे मला दिसत नव्हतं, पण कोणीतरी बघतंय हे माहीत होतं.

जानेवारीच्या शेवटी टीम टाइम ट्रायल होती. चौघांची टीम, अंतर ४० किलोमीटर, आणि वेळ धरतात तिसऱ्या स्पर्धकाची. हाच त्या प्रकाराचा गंमतीदार नियम. एक सुपरस्टार पुढे पळून गेला तर काही उपयोग नाही. तिसऱ्याला घेऊनच यावं लागतं.

टीममध्ये डॉक, एक सीए, एक शाळेत पीटी शिकवणारे सर आणि ताई. तिची हिल टाइम ट्रायलची वेळ बाकीच्या पुरुषांपेक्षा चांगली होती आणि ती स्पर्धा मिक्स्ड होती. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला सरांच्या पोटरीत गोळा आला आणि ते मागे पडले. आता उरलेल्या तिघांनी एकत्र पोचायलाच हवं. सीए दमला होता. डॉकच्या पायात अजून जोर होता, जीपमधूनसुद्धा दिसत होतं. त्याने वेग दोनेक किलोमीटरने कमी केला, वारा स्वतःवर घेतला आणि शेवटचे सहा किलोमीटर जवळजवळ एकटाच पुढे राहिला. रस्त्यावर खडी आली की त्याचा डावा हात खाली जायचा. प्रत्येक वेळी.

पंधरा टीम्समध्ये सातवे. मेडल नाही, कप नाही. फिनिशला कॉलरबोनवाला मुलगा डाव्या हाताने पाण्याच्या बाटल्या वाटत होता. डॉकला त्याने बाटली दिली आणि म्हणाला, ‘शेवटी सीएला फारच ओढलंस.’ डॉक नुसता हसला. दोघांमधलं सगळं मिटलंय असं मी म्हणणार नाही. पण आता ते एकमेकांशी गिअर रेशोवर भांडतात, ही सुधारणा म्हणायची.

तीन महिन्यांचा हिशेब मांडायचा तर एक पहिला नंबर, एक दुसरा, एक तिसरा, एक सातवा, बीआरएममध्ये नऊ जण पास, दोघं क्लबबाहेर, एक हाड मोडलेलं. फेब्रुवारीत पुन्हा रोड रेस आहे, तशीच, साठ जणांची. क्लबमधून पाच नावं गेली आहेत, पहिलं डॉकचं. सहावं नाव द्यायचं का, यावर एका घरात अजून चर्चा चालू आहे. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘बाळ झाल्यावर बघू. आणि तेव्हाही त्याच्या पुढे कोण चालवणार आहे, ते आधी मला सांगायचं.’

(चौकट) पहिल्या सीझनला उतरताय?

• आधी सायकल नाही, फिटिंग. सीटची उंची चुकली तर लाखाची सायकलही गुडघा धरायला लावते.

• पहिलं ध्येय २०० ची बीआरएम ठेवा. घाई न करता लांब कसं चालवायचं ते कळतं.

• तहान लागायची वाट बघू नका. लांब राइडमध्ये थोडं थोडं पीत राहा आणि पाण्यात ओआरएस घाला. खजूर, केळी, चिक्की, राजगिरा लाडू हे आपले देशी एनर्जी बार.

• दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप जवळ हवाच. पंक्चर काढायला घरी शिका, हायवेवर नको.

• बंचमध्ये अचानक ब्रेक नाही, अचानक वळण नाही, खूण केल्याशिवाय काहीच नाही.

• हेल्मेट एकदा जोरात आपटलं की ते बाद. दिसायला ठीक असलं तरी नवीन घ्या.

• अपघात विम्याची पॉलिसी नीट वाचा. काही पॉलिसींमध्ये शर्यतीतला अपघात धरत नाहीत. नाव नोंदवण्याआधी एजंटला स्पष्ट विचारा.