दुसऱ्या आठवड्यात वजनकाटा अडतो तेव्हा

भाट्याच्या किनाऱ्यावर हौसेनं चालायला येणारी नवी मंडळी पंधरा दिवसांत गळतात. आळस? नाही, बहुतेकांना घरचा वजनकाटा रडवतो!

पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरात साठलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की आधी ते जातं. चरबी सावकाश जाते. त्यात आदल्या रात्री खारा बांगडा आणि लोणचं झालं असेल, तर मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा वर. ती चरबी नव्हे हो!

म्हणून वजन आठवड्यातून एकदाच बघा, सकाळी उपाशीपोटी. शिवाय टेपनं कंबर मोजा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वर कंबर म्हणजे धोक्याची खूण. माझा भरवसा मात्र रत्नदुर्गाच्या चढणीवर. किल्ल्यावरच्या भगवतीच्या देवळाकडे जाताना कुठे धाप लागते ते लक्षात ठेवा, महिन्यानं पुन्हा चढा.

आणि हापूस? खा की, भात तेवढा कमी वाढून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.