नाश्ता कोणासाठी गरजेचा?

हल्ली अनेक घरांत एक वाद ऐकू येतो. दादी-नानी म्हणतात, सकाळी उपाशी घराबाहेर पडू नये. कॉलेजात जाणारी मुले मोबाइलवर पाहून सांगतात, नाश्ता टाळला की वजन उतरते. खरे कोणाचे? थोडा विचार केला तर दोघांचेही आपापल्या जागी खरे आहे.

निरोगी, प्रौढ माणसाने नाश्ता केलाच पाहिजे असे नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १३ प्रयोगांचा आढावा २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सुमारे २६० कॅलरी जास्त गेल्या आणि नाश्ता न करणाऱ्यांचे वजन किंचित कमीच आढळले. मात्र हे प्रयोग फारसे भक्कम नव्हते, असे संशोधकांनीच बजावले आहे. सकाळी भूक नसेल आणि दुपारचे जेवण नीट होत असेल तर बळजबरीने खाण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्ता टाळू नये. रक्तातील साखर एकदम उतरू शकते.

मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे शरीर वाढत असते आणि साठा कमी असतो. रात्री नऊला जेवलेले मूल सकाळी तसेच शाळेत आले तर मधल्या सुट्टीपर्यंत बारा-तेरा तास उपाशी राहते. आम्ही शिक्षक हे नेहमी पाहतो. परिपाठाला उभ्या मुलाला चक्कर येते, दुसऱ्या तासाला कोणी बाकावर डोके टेकते. विचारले तर उत्तर ठरलेले, “फक्त चहा पिऊन आलो.” अशा मुलाला आपण अभ्यासात कच्चे ठरवतो, तेव्हा ते केवळ भुकेले असते. तामिळनाडू सरकारने हे ओळखून सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत उपमा, खिचडी, पोंगल असा सकाळचा नाश्ता सुरू केला.

मुलींकडे तर अधिकच लक्ष हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आहे. घरातली कामे उरकून, भावाचा डबा भरून मुलगी स्वतः चहा-खारीवर निघते. खारीत मैदा आणि तूप, त्यावर चहा. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. अम्मीचेही तेच. सर्वांना वाढून झाल्यावर दहा वाजता उरलेल्या चहात पाव बुडवला की झाला तिचा नाश्ता!

यासाठी खर्च फार नाही. रात्रीची चपाती आणि अंडे, भिजवलेले चणे, लिंबू पिळलेले पोहे, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, सोबत दोन खजूर. चहा तासाभराने घ्यावा. सकाळी घास उतरत नसेल तर रात्रीचे जेवण लवकर करावे, मुलांना लवकर झोपवावे.

रमजानमध्ये आपण पहाटे उठून सहरीचे दस्तरखान लावतोच, कारण सहरीत बरकत आहे हे आपण जाणतो. ईदनंतर त्याच घरातले मूल नुसत्या चहावर शाळेला निघाले, तर वेळ नव्हता असे कसे म्हणावे? मुले ही अल्लाहची अमानत आहेत. उद्या सकाळी दप्तर पाहण्याआधी त्यांचे ताट पाहू या, आणि त्या ताटाशेजारी अम्मीचेही ताट मांडू या.